पणजोबा दिवाळीत गोठ्यात का बसायचे?

ताई, नमस्कार.

माझा मुलगा सहावीत आहे, मुलगी दुसरीत. मे महिन्यात माळ्यावरची ट्रंक उतरवली तेव्हा तळाशी जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला एक पितळी तारा सापडला. त्यावर इंग्रजीत ‘इटली स्टार’ असं लिहिलंय. तारा माझ्या आजेसासऱ्यांचा. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीला गेले होते, यापलीकडे घरात कुणाला काही माहीत नाही. तेव्हापासून मुलाला महायुद्धाचं वेड लागलंय. मोबाइलवर रणगाड्यांचे खेळ, रणगाड्यांचे व्हिडिओ. त्याचा पहिलाच प्रश्न होता, “पणजोबांनी किती माणसं मारली?” मला उत्तर सुचलं नाही. परवा जेवताना म्हणाला, “हिटलर भारी होता, सगळं जग त्याला टरकून होतं.” ह्यांनी हसण्यावारी नेलं, मी मात्र दचकले. सासूबाई म्हणतात, पोरांना हे अभद्र कशाला सांगता? त्यांचे मामंजी, म्हणजे माझे आजेसासरे, स्वतः कधी बोलले नाहीत. दिवाळीत फटाके सुरू झाले की गोठ्यात बैलांपाशी जाऊन बसायचे, फराळालासुद्धा बाहेर यायचे नाहीत. ह्यांचं म्हणणं, मुलगा आहे, बघू दे. मी बी.कॉम. झालेली, इतिहासाशी संबंध शाळेपुरता. कुठून सुरुवात करू, काय सांगू, काय मागे ठेवू? धाकटीही कान देऊन ऐकत असते. आणि शाळेच्या प्रदर्शनात हा तारा ठेवायचाय. चिंचेनं घासून लख्ख केला तर चालेल ना?

– एक आई, कराड तालुका

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. फटाके सुरू झाले की तुमचे आजेसासरे गोठ्यात बैलांपाशी जाऊन बसायचे. सुरुवात इथूनच करा.

पुस्तकं १ सप्टेंबर १९३९ पासून, जर्मनीनं पोलंडवर केलेल्या हल्ल्यापासून सुरू होतात. ती तारीख पुढे लागणार आहेच. पण अकरा वर्षांच्या मुलाला पोलंड माहीत नाही, तुमचा गोठा माहीत आहे. युद्ध संपवून माणूस घरी आला, शेती केली, मुलांची लग्नं केली, आणि तरी दर दिवाळीला त्याला माणसांपेक्षा बैलांजवळ बरं वाटायचं. तुमचा मुलगा जे व्हिडिओ बघतो त्यांत तोफेचा आवाज असतो, पण तो आवाज पुढे वर्षानुवर्षं कानात घेऊन जगणारा माणूस नसतो. तो माणूस तुमच्या घरात होऊन गेला. मुलाला आजीसमोर बसवा आणि तिलाच सांगू द्या. मध्ये बोलू नका. आजी दोन वाक्यं बोलून गप्प झाली तरी पुरे. सासूबाईंना जे अभद्र वाटतं, म्हणजे रक्त, प्रेतं, किंकाळ्या, त्याबाबत मी त्यांच्याच बाजूची आहे. त्याकडे पुढे येतेच.

“किती माणसं मारली” या प्रश्नानं मुलगा निर्दय होत चाललाय असं मनात आणू नका. खेळात पडद्याच्या कोपऱ्यात मेलेल्यांचा आकडा दिसतो, त्याच सवयीनं त्यानं विचारलं. खरं उत्तर द्या: “आम्हाला माहीत नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. ते सैनिक होते. त्यांच्या हातात बंदूक होती, समोरच्याच्याही हातात होती. कदाचित मारलीही असतील.” एवढं बोलून थांबा. मी बावीस वर्षं इतिहास शिकवला, आता शनिवार-रविवारी मुलांचं वाचनालय सांभाळते. मूल जेवढं विचारतं तेवढंच आणि खरं सांगितलं, की पुढचा प्रश्न ते स्वतःच घेऊन येतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. कधी पाच मिनिटांनी येतं, कधी पाच दिवसांनी, आंघोळीच्या बादलीपाशी.

मग तारा हातात द्या. सहा टोकं आहेत, मोजू दे. फीत शिल्लक असेल तर तिचे पट्टे पाहा: लाल, पांढरा, हिरवा, पुन्हा पांढरा, पुन्हा लाल. इटलीच्या झेंड्याचे रंग. ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात इटलीच्या आघाडीवर असलेल्यांना हा तारा मिळाला. नकाशा उघडा. बुटासारखा देश मुलाला लगेच सापडेल. कराडपासून तिथवर बोट फिरवत न्या, समुद्र किती लागतो ते बघू दे. त्या लढाईत ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक होते, त्यांतले ५,७८२ परत आले नाहीत.

ताऱ्याच्या मधोमध मुकुट आणि त्याखाली गुंफलेली इंग्रजी अक्षरं आहेत: जी, आर, आय. जॉर्ज, राजा आणि सम्राट. हा इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज. त्याची अक्षरं आपल्या पणजोबांच्या छातीवर का? मुलानं विचारलं नाही तर तुम्ही विचारा, कारण या प्रश्नातून पुढचा सगळा इतिहास उलगडतो. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटननं जर्मनीशी युद्ध पुकारलं आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतही युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. इथल्या एकाही नेत्याला विचारलं नाही. काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळं त्यावरून राजीनामे देऊन बाहेर पडली. तरीही युद्ध संपेपर्यंत सुमारे २५ लाख भारतीय फौजेत होते, आणि सक्तीची भरती इथे नव्हती. सगळे स्वखुशीनं गेले असं पुस्तकात असतं. त्या ‘स्वखुशी’चा अर्थ मुलाला तुमच्या भागातल्या गोष्टींतून सांगा: माण-खटावकडचा दुष्काळ, भावाभावांत वाटून उरलेला जमिनीचा तुकडा, महिन्याच्या महिन्याला घरी येणारा रोख पैसा, आणि घराण्यात आधीपासून कुणीतरी फौजेत असणं.

आता तुमच्या जिल्ह्याबद्दल एक गोष्ट, जी दुसऱ्या कुठल्या आईला इतक्या जवळून सांगता येणार नाही. तुमचे आजेसासरे ज्या राजाच्या फौजेत होते, त्याच राजाच्या सरकारविरुद्ध त्याच वर्षांत सातारा जिल्हा पेटलेला होता. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसं गेली. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगाव न्यायनिवाडे करत होतं. एका घरातला तरुण इटलीच्या डोंगरात इंग्रजांच्या बाजूनं लढतोय आणि शेजारच्या घरातला इंग्रजांचे पोलीस चुकवत उसात लपून रात्र काढतोय, अशी ती वर्षं. तिकडे १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमाला एका बाजूनं ब्रिटिशांची हिंदी फौज आणि समोर जपान्यांबरोबर आझाद हिंद फौज. दोन्हीकडे आपलीच माणसं.

मुलगा विचारणार, “मग पणजोबा चुकले का?” नाही म्हणायची घाई करू नका, हो म्हणायचीही करू नका. त्याला दोन पत्रं लिहायला सांगा. एक पणजोबांनी इटलीहून आईला लिहिलेलं, दुसरं शेजारच्या भूमिगत मुलानं स्वतःच्या आईला लिहिलेलं. आमच्या वाचनालयात मुलांनी अशी पत्रं लिहिली तेव्हा दोन्हींत एक ओळ हटकून आली: “आई, पाऊस झाला का?” मी ती कुणालाही सुचवली नव्हती.

शौर्याचं काय करायचं, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण तो विषय घरात येणारच. मुलाला शूर माणूस हवा असतो आणि त्यात वावगं काही नाही. रायगडमधल्या माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. तेही मराठा लाइट इन्फंट्रीचे आणि तेही इटलीतच लढले. १० जुलै १९४४ ला तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या हाताखालचे सगळे पडले. ते एकटे उरले, एकटेच त्या मशिनगनवर चालून गेले, तिचं तोंड बंद केलं आणि तिथेच गोळ्या लागून गेले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मुलाचे डोळे चमकतील, चमकू द्या. शूराचं कौतुक करणाऱ्या मुलाला लगेच ‘पण युद्ध वाईट असतं’ असं बजावणं मला बरं वाटत नाही. त्याची छाती भरून येऊ दे. मग दुसऱ्या दिवशी सांगा की इटलीतल्या मोंतोने नावाच्या गावानं २०२३ मध्ये घाडग्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभं केलं आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं: आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. इटली युद्धाच्या सुरुवातीला जर्मनीच्या बाजूनं होता, हेही तेव्हाच सांगा. ज्या देशाशी लढाई झाली त्या देशातलं गाव माणगावच्या मुलाची आठवण का ठेवतं, हे त्यालाच शोधू द्या.

रणगाड्यांचं वेड मोडायला जाऊ नका. वाचनालयात एक मुलगा वहीभर नुसते रणगाडेच काढायचा. साखळीचे पट्टे, नळी, नळीतून निघणारा धूर, सगळं मापात. मी त्याला एवढंच म्हटलं, “झाकण उघड. आत कोण बसलंय ते काढ.” अमेरिकी बनावटीच्या शर्मन रणगाड्यात पाच जण असायचे: म्होरक्या, तोफ चालवणारा, तोफेत गोळा भरणारा, चालक आणि चालकाचा मदतनीस. त्यानं पाच जण काढले, दाटीवाटीनं, गुडघे पोटाशी घेतलेले. मग प्रश्न सुरू झाले. आत उकडतं का? शू आली तर काय करतात? आग लागली तर पाच जण कुठल्या झाकणातून बाहेर पडतात, आणि शेवटचा कोण? या शेवटच्या प्रश्नावर तो बराच वेळ पेन्सिल धरून बसला होता. रणगाडे काढणं त्यानं सोडलं नाही, फक्त त्यानंतरचा प्रत्येक रणगाडा झाकण उघडं असलेला होता.

आता हिटलर. तुमच्या यजमानांनी ते वाक्य हसण्यावारी नेलं, ते मला पटलं नाही. मुलानं ते आकाशातून आणलेलं नाही. आपल्याकडे शिकलेली माणसं चहा पिता पिता म्हणतात, “या देशाला एक हिटलरच पाहिजे.” शिस्त, दरारा, मोठ्ठं भाषण, एवढंच त्यांना दिसतं. मुलं तिथूनच उचलतात. पण मुलाला रागावू नका. “भारी म्हणजे काय?” एवढंच विचारा आणि त्याचं म्हणणं पुरतं ऐका.

मग त्याला हिटलर एका मुलीच्या बाजूनं दाखवा. अ‍ॅन फ्रँक जन्मानं जर्मन, कुटुंब ज्यू, आणि देश सोडून हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅमला येऊन राहिलेलं. १२ जून १९४२ ला, तेराव्या वाढदिवसाला, तिला एक वही मिळाली. त्या वहीत तिनं आठवडाभरातच ज्यूंवरचे नियम लिहून ठेवलेत. ट्राममध्ये बसायचं नाही. सायकली सरकारजमा करायच्या. खरेदी दुपारी ३ ते ५ एवढ्याच वेळात. रात्री ८ नंतर घराबाहेर पाय ठेवायचा नाही. सिनेमा नाही, पोहायला जायचं नाही. हे नियम एकेक करून सांगा आणि प्रत्येकानंतर थोडं थांबा. सायकलीच्या नियमाला तुमचा मुलगा बोलेल. सहावीतल्या मुलाला गॅसची कोठडी कळत नाही आणि कळूही नये, पण सायकल काढून घेणं त्याला लगेच कळतं. ६ जुलै १९४२ ला ते कुटुंब वडिलांच्या कचेरीच्या मागच्या भागात लपायला गेलं. तिथे एकूण आठ माणसं दोन वर्षांहून जास्त काळ दबक्या पावलांनी राहिली. वडिलांच्या कचेरीतली मीप गीस आणि तिचे सहकारी त्यांना चोरून अन्न आणि पुस्तकं पोचवत होते. ४ ऑगस्ट १९४४ ला त्यांना पकडलं. अ‍ॅन १९४५ च्या सुरुवातीला नाझींच्या छळछावणीत आजारानं गेली, पंधरा वर्षांची. आठांपैकी फक्त तिचे वडील परत आले.

आकडा त्यानंतर सांगा: ६० लाख ज्यू मारले गेले, त्यांत सुमारे १५ लाख मुलं. आधी आकडा सांगितला तर तो खेळातल्या कोपऱ्यातल्या आकड्यासारखाच वाटेल. आणि ट्राममध्ये ज्यू माणसाला चढू न देणारा कोण होता, हेही विचारा. हिटलर काही प्रत्येक ट्राममध्ये उभा नव्हता. नियम पाळणारा कंडक्टर होता, खाली मान घालून बसलेले प्रवासी होते. यावर तुमच्या मुलाचं स्वतःचं म्हणणं असेल. मुलांना वर्गातली दादागिरी आणि बघत राहणारे बाकीचे, दोन्ही चांगले ठाऊक असतात.

आपल्या मुलांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. गांधी-आयर्विन करारातले आयर्विन पुढे लॉर्ड हॅलिफॅक्स झाले. नोव्हेंबर १९३७ मध्ये ते हिटलरला भेटले. बोलण्यात हिंदुस्थान निघाला, तेव्हा हिटलरनं त्यांना सल्ला दिला की गांधींना गोळी घाला, तेवढ्यानं भागलं नाही तर काँग्रेसच्या डझनभर पुढाऱ्यांना घाला. भेटीला हजर असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं हे नोंदवून ठेवलंय. आपला देश गुलाम राहावा असंच या ‘भारी’ माणसाला वाटत होतं. त्याचा शेवट ३० एप्रिल १९४५ ला झाला, ढासळलेल्या बर्लिनमध्ये जमिनीखालच्या खोलीत, स्वतःच्या हातानं.

धाकटीसाठी यातलं काही नको. ती शेजारी बसून ऐकणारच, तर तिच्या वाट्याचं वेगळं सांगा. इटलीच्या डोंगरांत गाड्या चढत नव्हत्या तिथे दाणागोटा आणि दारूगोळा खेचरांच्या पाठीवर जायचा आणि ती खेचरं हाकणाऱ्यांत भारतीय सैनिक होते. पणजोबांना परत आल्यावर जनावरांजवळ बसावंसं का वाटत असेल याचं उत्तर तिचं ती देईल.

आणि दोघांनाही वळिवड्याची गोष्ट सांगा. लग्नाचा बस्ता बांधायला तुम्ही कधी ना कधी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेला असाल. त्याच भागात १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. १९४० पासून रशियानं त्यांना घरांतून उचलून सैबेरिया-कझाकस्तानकडे नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती इथे पोचली. बर्फातून आलेली ती मुलं कोल्हापूरच्या उन्हात शाळा शिकली, नाटकं बसवली, मोठी झाली. पंचगंगेकाठच्या लोकांनी त्यांना परकं मानलं नाही. ती गेली आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधहून आलेले निर्वासित राहू लागले. त्याचंच पुढे गांधीनगर झालं. युद्ध संपल्यावर माणसांची वणवण संपत नाही हे सांगायला एवढं पुरेसं आहे, आणि कराडपासून दोन तासांच्या आत आहे. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्या पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. दोघांना घेऊन जा. येताना बस्त्याच्या दुकानासमोर उभं राहून सांगा की इथे कधीतरी पोलिश भाषेतली प्रार्थना व्हायची.

मागे काय ठेवायचं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. छळछावण्यांतले प्रेतांचे फोटो तेरा-चौदा वर्षांपर्यंत नकोत. बालवयात डोळ्यांत शिरलेलं चित्र पुसता येत नाही, आणि ज्यांचं ते चित्र आहे त्यांचाही मान त्यात राहत नाही. मोबाइलवर एकट्यानं शोधू देऊ नका. एक व्हिडिओ झाला की पुढचा आपोआप लागतो आणि तो कुणी, कशासाठी केलाय हे मुलाला कळत नाही. यजमानांना सांगा, बघू दे म्हणायचं असेल तर शेजारी बसून बघा आणि मध्येच थांबवून विचारा, “हे कोण सांगतंय? याला कसं माहीत?” छावणीचं किंवा कैद्यांचं नाटक शाळेत बसवायचं ठरलं तर विरोध करा. कुणाचंही तसलं मरण मुलांनी सोंग म्हणून वठवू नये. अ‍ॅनची रोजनिशी मराठीत मिळते. ती आठवी-नववीत त्याच्या हाती द्या, आधी तुम्ही वाचा. तिच्या वहीत आईशी भांडणं आहेत, वयात येणं आहे. ते वाचून तुम्ही दोघं बोलू शकाल.

हिरोशिमा थोडं आधी चालेल, पण साडाको सासाकीच्या वाटेनं. ६ ऑगस्ट १९४५ ला ती दोन वर्षांची होती, तेव्हा वाचली. दहा वर्षांनी किरणोत्सर्गानं रक्ताचा कर्करोग झाला, दवाखान्यात कागदाचे करकोचे घडत राहिली आणि २५ ऑक्टोबर १९५५ ला गेली. मुलांसाठीच्या गोष्टींत तिचे करकोचे ६४४ वर थांबले असं असतं. तिच्या भावानं मात्र सांगितलंय की तिचे हजार पुरे झाले होते, त्याहून जास्तच झाले. हा फरक मुलाला मुद्दाम सांगा. गोष्ट रडवण्यासाठी थोडी बदलली जाते हे त्याला या वयात कळलं तर पुढे व्हॉट्सअ‍ॅपवरचा इतिहास तो तपासून घेईल. मी स्वतः वर्गात हिरोशिमा बॉम्बच्या ताकदीपासून शिकवायला लागले होते. पुढच्या बाकावरच्या मुलीनं मध्येच विचारलं, “बाई, शाळा भरली होती का?” सकाळी सव्वाआठ, सोमवार. पुष्कळ शाळकरी मुलं त्या वेळी शहराच्या मध्यभागी कामाला आणलेली होती, आग पसरू नये म्हणून घरं पाडायच्या कामाला. त्यांतली हजारो गेली. मी तेवढं सांगितलं आणि फळ्यावरचा आकडा पुसून टाकला.

पुण्याला कधी येणं झालं तर खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत जा. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांची थडगी तिथे आहेत, बहुतेक ब्रिटिश. दगड सगळे एकसारखे, अधिकारी असो वा साधा शिपाई. मुलाला नुसती वयं वाचत फिरू दे. १९. २१. २०. खाली काही दगडांवर घरच्यांनी कोरून घेतलेली ओळ असते, ती तुम्ही मराठीत सांगा. वेगानं फिरू नका, पाणी बरोबर ठेवा, आणि धाकटी गवतावर खेळायला लागली तर खेळू द्या.

आजेसासऱ्यांबद्दल आणखी हवं असेल तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, तिथेही पत्र लिहा. पत्र मुलाच्या हस्ताक्षरात जाऊ दे. त्याआधी ट्रंकेत सैनिकी क्रमांकाचा, पेन्शनचा एखादा कागद आहे का ते पाहा. क्रमांक असेल तर काम सोपं होतं.

आणि नाही, ताऱ्याला चिंच लावू नका. लिंबू, राख, पितांबरी, काहीच नको. आंबटानं पितळ लख्ख होईल, पण अक्षरांच्या कडा झिजतील आणि इतक्या वर्षांचा रंगही जाईल. मऊ सुती कापडानं कोरडं पुसा, बस्स. फीत धुवू नका. प्रदर्शनात ठेवताना शेजारी पुठ्ठ्यावर मुलानं स्वतः लिहावं: पणजोबांचं नाव, गाव, पलटण, इटली, वर्षं. गोठ्याची ओळ लिहायची का ते सासूबाईंना विचारा. त्या नको म्हणाल्या तर लिहू नका. आणि ज्या धोतराच्या तुकड्यात तारा गुंडाळलेला होता तो टाकून देऊ नका, तारा पुन्हा त्यातच ठेवा.